बॅटरीवरून ३०० व्होल्ट: कॅपॅसिटर चार्जर कसा चालतो, कसा बांधायचा आणि नेमका कुठे जळतो

जुन्या फिल्म कॅमेऱ्याचा फ्लॅश चालू केला की एक बारीक शिट्टी ऐकू येते. सुरुवातीला जाडसर असलेला सूर चढत चढत पातळ होतो, कानाच्या पलीकडे जातो आणि मग तयारीचा दिवा लागतो. तेवढ्या वेळात दीड व्होल्टच्या सेलने तीनशे व्होल्टच्या आसपासचा कॅपॅसिटर भरलेला असतो. हा सूर का चढतो, एवढे समजले की चार्जरमधली सगळ्यात अवघड गोष्ट समजली. ती पुढे येईलच. आधी हिशेब.

कॅपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे कपॅसिटन्सचा अर्धा भाग गुणिले व्होल्टेजचा वर्ग. १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ३०० व्होल्टपर्यंत भरला की त्यात ४.५ ज्यूल साठतात. त्याच जागी ४७० मायक्रोफॅरडचा लावला तर २१ ज्यूल होतात. ४.५ ज्यूलचा झटका हात भाजतो, स्नायूला जोराचा हिसका देतो आणि छातीतून गेला तर धोक्याचा असतो. २१ ज्यूल सरळ जीवावर बेतू शकतात. शिवाय व्होल्टेजचा वर्ग होत असल्याने ३०० ऐवजी ४०० व्होल्ट म्हणजे तिसरा हिस्सा जास्त नव्हे, जवळजवळ पावणेदोन पट ऊर्जा. म्हणून या लेखातले सगळे आकडे १०० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट रेटिंगच्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरसाठी आहेत आणि तो भरायचा आहे ३०० व्होल्टपर्यंतच. पहिल्या चाचणीला तर १० मायक्रोफॅरडचाच घ्यावा. त्यात अर्ध्या ज्यूलहूनही कमी मावते. बॅटरीचे उपकरण म्हणजे निर्धोक, ही समजूत इथे चालत नाही. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी हात लागणार आहे तो ३०० व्होल्टना.

आता व्होल्टेज चढवायचे कसे? आधी ३०० व्होल्टचा पुरवठा तयार करून तो रेझिस्टरमधून कॅपॅसिटरला जोडावा, असे पटकन सुचते. पण रिकामा कॅपॅसिटर स्थिर व्होल्टेजवरून रेझिस्टरमधून भरला की जेवढी ऊर्जा कॅपॅसिटरमध्ये जाते तेवढीच रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. रेझिस्टर लहान घ्या की मोठा, निम्मे नुकसान ठरलेले. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूला हे परवडत नाही.

म्हणून फ्लायबॅक, म्हणजे ऊर्जा आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये साठवून मग पलीकडे सोडणारे सर्किट. त्याचे काम रहाटासारखे आहे. एकेक पोहरा खाली जातो, ठरावीक पाणी घेतो, वर येऊन रिकामा होतो. मॉसफेट, म्हणजे झटपट चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर, चालू झाला की बॅटरीचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून (बॅटरीकडच्या गुंडाळीतून) सरळ रेषेत वाढू लागतो. या काळात सेकंडरीचा (कॅपॅसिटरकडच्या गुंडाळीचा) डायोड उलटा असल्याने तिकडे काहीच जात नाही, ऊर्जा गाभ्याच्या फटीतल्या चुंबकीय क्षेत्रात साठते. प्रवाह ठरलेल्या शिखरावर पोचताच मॉसफेट बंद होतो आणि तीच ऊर्जा सेकंडरीतून डायोडमार्गे कॅपॅसिटरमध्ये रिकामी होते. प्रायमरीचा इंडक्टन्स २० मायक्रोहेन्री आणि शिखर ३ अँपिअर असेल तर एका पोहऱ्यात ९० मायक्रोज्यूल. सेकंदाला सुमारे ५२ हजार पोहरे, म्हणजे ४.७ वॉट. त्यातले ८० टक्के पोचले तरी ४.५ ज्यूल भरायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. दर सेकंदाला सारखी ऊर्जा येत असल्याने निम्मे व्होल्टेज पाव वेळातच गाठले जाते. मीटरचा काटा १५० पर्यंत झपकन जातो आणि पुढे रेंगाळतो. तो बिघाड नव्हे.

आता त्या शिट्टीकडे. पोहरा रिकामा व्हायला किती वेळ लागेल, हे कॅपॅसिटरवर त्या क्षणी किती व्होल्ट आहेत त्यावर ठरते. वेढ्यांचे प्रमाण १:१० धरले तर सेकंडरीचा इंडक्टन्स २ मिलिहेन्री आणि तिथला शिखर प्रवाह ०.३ अँपिअर. ३०० व्होल्टवर हा प्रवाह २ मायक्रोसेकंदांत शून्य होतो. ४० व्होल्टवर १५ मायक्रोसेकंद लागतात. कॅपॅसिटर अगदी रिकामा असताना समोर जेमतेम डायोडचा एक व्होल्ट असतो, तेव्हा ६०० मायक्रोसेकंद लागतील. फ्लॅशमधला साधा ऑसिलेटर पोहरा पूर्ण रिकामा होईपर्यंत थांबतो. म्हणून त्याची वारंवारता सुरुवातीला कमी असते आणि व्होल्टेजबरोबर वाढत जाते. तोच चढता सूर.

आणि हौशी चार्जर इथेच जळतात. ५५५ टायमर (नियमित ठोके देणारा साधा आयसी) लावून ठरावीक वारंवारतेने मॉसफेट चालू-बंद करणारी सर्किटे भरपूर सापडतात. त्यांना पोहरा रिकामा झाला की नाही, हे कळतच नाही. पहिल्या काही मिलिसेकंदांत अर्धा भरलेला पोहराच पुन्हा भरला जातो, प्रवाह पायरीपायरीने चढतो, गाभ्याचे फेराइट संपृक्त होते (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही), इंडक्टन्स कोसळतो आणि मॉसफेटमधून जवळपास शॉर्टइतका प्रवाह जातो. ३०० व्होल्टवर मॉसफेट क्वचितच मरतो. तो मरतो शून्य व्होल्टवर, स्विच दाबल्या दाबल्या. त्यामुळे दर चक्रात प्रवाह मोजणारा आयसी हवाच. यूसी३८४३ त्यासाठी जुना, स्वस्त आणि भरवशाचा आहे.

हा आयसी ८.४ व्होल्टला जागा होतो आणि ७.६ च्या खाली झोपतो, म्हणून बॅटरी १२ व्होल्टच्या घरातली घ्यावी: तीन लिथियम-आयन सेल एकापुढे एक, संरक्षण सर्किटसह, किंवा आठ अल्कलाइन सेल. बॅटरीच्या धन टोकालाच २ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. त्यानंतर ट्रान्सफॉर्मरला चिकटून ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) कॅपॅसिटर. आयसीच्या ७ नंबरच्या पायाला पुरवठा १० ओहममधून द्यावा आणि तिथे १०० मायक्रोफॅरड व १०० नॅनोफॅरड समांतर लावावेत. हे गाळण नसेल तर ३ अँपिअरच्या धक्क्यांनी पुरवठा दबतो, आयसी झोपतो, जागा होतो, पुन्हा झोपतो आणि चार्जर टिकटिक करत राहतो.

ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुंडाळावा. तयार मिळणारा बहुतेक वेळा दुसऱ्याच कामासाठी बनवलेला असतो. ई२५/१३/७ मापाचा पॉवर फेराइटचा, फट नसलेला ई-गाभा आणि त्याचे बॉबिन घ्यावे. मधल्या पायाचे क्षेत्रफळ ५२ चौरस मिलिमीटर असते. प्रायमरीला ८ वेढे, सेकंडरीला ८०. ३ अँपिअरला चुंबकीय घनता ०.१४ टेस्ला भरते आणि ५ अँपिअरलाही ०.२४ च्या आसपासच राहते, म्हणजे फेराइट संपृक्त व्हायला पुरेशी ढील आहे. ही ढील मुद्दाम ठेवली आहे. रिकाम्या कॅपॅसिटरवर पहिल्या काही डझन चक्रांत प्रवाह शिखराच्या थोडा वर सरकतो, कारण आयसीला आणि त्याच्या फिल्टरला मॉसफेट बंद करायला अर्धा मायक्रोसेकंद तरी लागतोच.

आधी सेकंडरी: ०.२ मिलिमीटरची इनॅमल तार, ४० वेढ्यांचे दोन थर. थराच्या मध्ये पॉलिस्टर टेपचे दोन फेरे आणि टेप बॉबिनच्या दोन्ही कडांना चिकटलेली. वरच्या थरातला एखादा वेढा कडेने घसरून खालच्या थरावर पडला की दोन वेढ्यांमध्ये शंभराहून जास्त व्होल्ट येऊन बसतात आणि इनॅमलला सुईच्या टोकाएवढे भोक असले तरी तिथे ठिणगी पडते. सेकंडरीवर टेपचे तीन फेरे आणि मग प्रायमरी: ०.५ मिलिमीटरच्या दोन तारा शेजारी शेजारी धरून ८ वेढे, बॉबिनभर पसरून. सगळी गुंडाळी एकाच दिशेने करावी आणि प्रत्येक गुंडाळीच्या सुरुवातीच्या टोकाला लगेच रंगाचा ठिपका लावावा. तो नंतर आठवत नाही.

राहिली फट. हिशेबाने ती एकूण ०.२ मिलिमीटर हवी. छपाईचा साधा ८० ग्रॅमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. दोन्ही ई-तुकड्यांच्या मध्ये तिन्ही पायांवर त्याचा एकच थर ठेवला की चुंबकीय वाट मधल्या पायातून एकदा आणि बाहेरच्या पायातून एकदा कागद ओलांडते, आणि ०.२ मिलिमीटर जमून येते. गाभा टेपने घट्ट बांधून एलसी मीटरवर प्रायमरी मोजावी. १८ ते २३ मायक्रोहेन्री आले तर ठीक. शंभराच्या वर आले तर कागद निसटला आहे. असा फट नसलेला गाभा जास्त चांगला वाटतो, पण तो अर्ध्या-एक अँपिअरलाच संपृक्त होतो. ऊर्जा साठते ती फेराइटमध्ये नाही, त्या कागदाच्या जाडीत.

मॉसफेट आयआरएफ५४०एन, १०० व्होल्टचा. बंद असताना त्याच्या ड्रेनवर (प्रायमरीला जोडलेल्या पायावर) बॅटरीचे १२ आणि सेकंडरीकडून परतलेले ३०० भागिले १०, म्हणजे ३०, असे ४२ व्होल्ट येतात. त्यावर गळती इंडक्टन्सचा, म्हणजे प्रायमरीतल्या सेकंडरीपर्यंत न पोचणाऱ्या ऊर्जेचा, टोकदार सुळका चढतो. तो कापायला प्रायमरीला समांतर क्लॅम्प लावावा: ड्रेनकडून यूएफ४००७ डायोड, त्यापुढे १० नॅनोफॅरड व १० किलोओहम समांतर, आणि त्यांचे दुसरे टोक बॅटरीच्या धनाला. मग सुळका ६० व्होल्टच्या आसपास थांबतो. गेटला (मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या पायाला) आयसीच्या ६ नंबरच्या पायाकडून १० ओहम. सोर्स आणि जमीन यांच्यामध्ये ०.३३ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर. त्यावर १ व्होल्ट आला की आयसी मॉसफेट बंद करतो, म्हणजेच ३ अँपिअर. हा रेझिस्टर वायरवाउंड नसावा, कारण त्याचा स्वतःचा इंडक्टन्स खोटा सुळका दाखवतो. तिथून ३ नंबरच्या पायाला १ किलोओहम, आणि पायाशी ४७० पिकोफॅरड जमिनीकडे. वारंवारतेसाठी ८ नंबरपासून ४ नंबरला १० किलोओहम आणि ४ नंबरपासून जमिनीला ३.३ नॅनोफॅरड.

सेकंडरीचा डायोडही यूएफ४००७च. मॉसफेट चालू असताना त्याच्यावर ३०० अधिक १२० असे ४२० व्होल्ट उलटे येतात, तेव्हा ४०० व्होल्टचा डायोड पुरत नाही. १एन४००७ हजार व्होल्टचा असतो आणि दिसायलाही जुळा भाऊ, पण तो बंद व्हायला काही मायक्रोसेकंद घेतो. तेवढ्यात भरलेला माल उलटा वाहून जातो. यूएफ४००७ ला ७५ नॅनोसेकंद पुरतात. डायोड चटका बसेल इतका तापत असेल आणि व्होल्टेज अर्ध्यावर अडत असेल तर आधी त्याच्या अंगावरची अक्षरे वाचावीत.

आता थांबवण्याचा भाग. व्होल्टेज चढवण्यापेक्षा मला हा जास्त महत्त्वाचा वाटतो. आयसीच्या २ नंबरच्या पायावर २.५ व्होल्ट आले की तो भरणे थांबवतो. त्यासाठी कॅपॅसिटरच्या धन टोकापासून ३३० किलोओहमचे तीन रेझिस्टर एकापुढे एक, आणि खाली ८.२ किलोओहम. थांबा लागतो ३०४ व्होल्टला. वर एकच १ मेगओहम का नाही? कारण पाव वॉटच्या साध्या रेझिस्टरला बहुधा २५० व्होल्टचीच मर्यादा असते. १ आणि २ नंबरच्या पायांमध्ये १ नॅनोफॅरड ठेवावा. कॅपॅसिटर भरल्यावर चार्जर मधूनमधून थोड्या पोहऱ्यांचा झुबका टाकतो, ते बरोबरच आहे.

पण या साखळीतला सोल्डरचा एक डाग सुटला तर? २ नंबरच्या पायाला शून्य व्होल्ट दिसतील, आयसी कॅपॅसिटर रिकामा समजेल आणि ४०० व्होल्ट ओलांडून तो फुटेपर्यंत भरत राहील. म्हणून दुसरा, पूर्ण वेगळा पहारेकरी हवा. १००-१०० व्होल्टचे तीन झेनर, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजला उलटे वाहू लागणारे डायोड (१एन४७६४ए), आणि ३३ व्होल्टचा एक (१एन४७५२ए) एकापुढे एक, मग १० किलोओहम, मग बीसी५४७ चा बेस. बेसपासून जमिनीला आणखी १० किलोओहम. एमिटर जमिनीला, कलेक्टर १ नंबरच्या पायाला. ३३५ व्होल्टच्या आसपास ट्रान्झिस्टर चालू होतो, १ नंबरचा पाय खाली ओढतो आणि चार्जर गप्प होतो. ही साखळी कॅपॅसिटरच्या पायापासून स्वतंत्र तारेने आणावी. दोन्ही साखळ्या एकाच तारेवर टांगल्या तर ती तार तुटल्यावर दोन्ही एकदमच आंधळ्या होतात.

ब्रेडबोर्डवर हे करू नये. तिथल्या एकेका जोडाचा रोधच ०.३३ ओहमच्या मापात गोंधळ घालायला पुरतो, आणि ३०० व्होल्टना लागणारे अंतरही मिळत नाही. छिद्रांच्या बोर्डवर सोल्डर करावे, उच्च व्होल्टेजच्या जोडांभोवती किमान एक ओळ पूर्ण मोकळी सोडावी आणि तिथले तांब्याचे गोल खरवडून काढावेत. बॅटरीजवळचा कॅपॅसिटर, प्रायमरी, मॉसफेट, ०.३३ ओहम आणि परत कॅपॅसिटर हा फेरा जितका आखूड तितका चांगला.

चालू करताना घाई नको. आधी प्रायमरी न जोडता फक्त आयसीला पुरवठा द्यावा: ८ नंबरवर ५ व्होल्ट आणि ४ नंबरवर करवतीसारखी लाट दिसली पाहिजे. मग प्रायमरी जोडावी, पण तिच्या वाटेत, ४७० मायक्रोफॅरडच्या आधी, १२ व्होल्ट ५ वॉटचा दिवा घालून. आयसीचा पुरवठा दिव्याच्या आधीच घ्यायचा. काही चुकले असेल तर दिवा लागतो आणि मॉसफेट वाचतो. बाहेरच्या बाजूला १० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर, आणि खालचा रेझिस्टर ८.२ ऐवजी ८२ किलोओहम. चार्जर ३३ व्होल्टला थांबला पाहिजे. पुढे २७ किलोओहम लावून ९४ व्होल्ट. दोन्ही जमले की दिवा काढून ८.२ किलोओहम. शेवटी पहारेकऱ्याची परीक्षा: ६.८ किलोओहम लावला तर मुख्य साखळी ३६६ व्होल्टपर्यंत जाऊ देईल, पण चार्जर ३१६ ते ३५० च्या मध्ये कुठेतरी थांबला पाहिजे. नाही थांबला तर लगेच बंद करून झेनरची दिशा पाहावी. हे पार पडल्याशिवाय १०० मायक्रोफॅरड जोडू नये. मीटरच्या तारा क्लिपने आधीच अडकवाव्यात, चालू सर्किटवर टोके धरून बसू नये, आणि दर वेळी रेझिस्टर बदलण्याआधी बॅटरी काढून कॅपॅसिटर रिकामा करावा.

व्होल्टेज बरोबर १२० च्या जवळ येऊन अडले तर सेकंडरीची टोके उलटी लागली आहेत. ट्रान्सफॉर्मर तेव्हा फ्लायबॅक न राहता साधा दहापट चढवणारा झालेला असतो. टोके बदलली की झाले. मॉसफेट तापतो पण व्होल्टेज हळू चढते, असे असेल तर दोन वेढे शॉर्ट आहेत किंवा क्लॅम्पचा डायोड उलटा आहे. बराच काळ पडून राहिलेला कॅपॅसिटर असेल तर व्होल्टेज २००-२५० ला रेंगाळते, कारण त्याचा ऑक्साइडचा थर विरलेला असतो आणि तो आतून गळतो. त्याला १०० किलोओहममधून काही तास हळूहळू व्होल्टेज देऊन सावरता येते. सावरला नाही तर टाकून द्यावा. आणि ध्रुव उलटे लावलेला इलेक्ट्रोलिटिक पुन्हा वापरू नये, वरून धड दिसला तरीही.

रिकामे करण्याची सोय सर्किटमध्येच हवी. कॅपॅसिटरच्या पायांवरच, तारेशिवाय, अर्ध्या वॉटचे २२० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक सोल्डर करावेत. मापाची साखळी धरून ३०० व्होल्ट ५० च्या खाली यायला सुमारे ५५ सेकंद लागतात. निऑन दिवा लावला असेल तर तो साधारण ६० व्होल्टला विझतो, म्हणून विझलेला दिवा म्हणजे रिकामा कॅपॅसिटर असे कधीही धरू नये. लगेच रिकामा करायचा तर २.२ किलोओहम, १० वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर, ज्याच्या दोन्ही तारांना जाड आवरण आहे, दोन सेकंद टेकवावा आणि मग मीटर लावून पाहावे. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय वाईट आहे: क्षणभर प्रचंड प्रवाह वाहतो, पात्याचा वितळलेला थेंब उडतो आणि कॅपॅसिटरच्या आतले जोडही खिळखिळे होतात. एक हात पाठीमागे ठेवूनच काम करावे, म्हणजे हातातून हातात प्रवाह जायला वाट राहत नाही.

मीटरने शून्य दाखवले तरी एक गोष्ट उरते. इलेक्ट्रोलिटिकचा पडदा थोडी ऊर्जा आत मुरवून ठेवतो आणि रिकाम्या, सुट्या पायांवर काही मिनिटांत व्होल्टेज आपोआप परत वर येते, मूळच्या काही टक्क्यांपर्यंत. म्हणून बोर्डवरून काढलेला कॅपॅसिटर खणात ठेवताना त्याचे दोन्ही पाय १ किलोओहमच्या रेझिस्टरने जोडूनच ठेवावेत.